बंद प्लेटिंग कारखान्याचा प्लॉट: दोन फूट माती काढून भागत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एकरभराचा प्लॉट स्वस्तात मिळतोय. त्यावर आधी क्रोम आणि झिंक प्लेटिंगचं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर मुलामा चढवण्याचं युनिट होतं, ते काही वर्षांपूर्वी बंद पडलं. तुम्हाला तिथे गोदाम बांधायचं आहे आणि पुढेमागे डाळमिल टाकायची आहे. शेडच्या मागची जमीन उन्हाळ्यात पिवळसर दिसते, प्लॉटमधल्या बोअरचं पाणीही पिवळं येतं, आणि उताराकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीबद्दल गावात कुजबुज आहे. दलाल आणि कंत्राटदार दोघंही म्हणतात, जेसीबी लावून दोन फूट माती काढू, वर मुरूम पसरू, विषय संपला. हे खरं का, आणि नसेल तर काय करायचं?

खरं नाही. बोअरचं पाणी पिवळं येतंय म्हणजे विषारी रसायन मातीतून उतरून खडकापर्यंत पोचलेला आहे. वरची दोन फूट काढून तो परत येत नाही. वर नुकसान असं की काढलेली माती कुठल्या तरी खदानीत किंवा नाल्याकाठी जाऊन पडते. ती घातक कचरा असेल तर बेकायदा टाकल्याची जबाबदारी तुमच्यावर येते. शिवाय टाकी नेमकी कुठे गळत होती याचा माग त्या मातीतच होता, तोही पुसला जातो. उकरायचंच आहे, पण ते सगळ्यात शेवटी. आधी शोध.

त्याही आधी पाणी. तो बोअर आजपासून कशालाच वापरू नका. पिणं तर सोडाच, हातपाय धुवायला, बांधकामावर मारायला, जनावरांना, कशालाच नाही. पिवळा रंग बहुतेक सहासंयुजी क्रोमियमचा आहे, ज्याला प्रयोगशाळेत आणि कारखान्यात सगळे ‘हेक्झा क्रोम’ म्हणतात. तो श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कर्करोग करतो हे सिद्ध आहे. पाण्यातून गेला तरी तो निरुपद्रवी नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० एकूण क्रोमियमला लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा घालतं. डोळ्याला पिवळेपणा कळतो तो साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे रंग दिसेपर्यंत मर्यादा वीसपट ओलांडलेली असते, आणि त्या शेतकऱ्याची विहीर नितळ दिसते म्हणून ती चांगली आहे असं मुळीच होत नाही. तिचा नमुना पहिल्या आठवड्यात घ्या आणि निकाल काहीही येवो, त्याला सांगा. पाणी उकळल्याने क्रोमियम जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात पहिला सल्ला उकळण्याचाच मिळतो.

आता शोध. लोकांना वाटतं शोध म्हणजे ड्रिलिंग. माझ्या मते निम्मा शोध कागदात आणि माणसांत असतो, आणि तो जवळपास फुकट असतो.

विकणाऱ्याकडून प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं मागा, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात. त्यात कुठल्या प्रक्रियेला परवानगी होती, किती सांडपाणी, किती स्लज म्हणजे प्रक्रियेनंतर उरणारा गाळ, हे लिहिलेलं असतं. घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं म्हणजे फॉर्म ४, पर्यावरण विवरण म्हणजे फॉर्म ५, आणि स्लज उचलल्याच्या मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्याच्या वाहतूक-पावतीच्या, प्रती मागा. त्यासोबत क्रोमिक ॲसिडच्या खरेदीची बिलं मिळाली तर उत्तम. मग साधा हिशेब करा. क्रोमिक ॲसिडच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग, ५२ टक्के, निव्वळ क्रोमियम असतो. वर्षाला १ टन क्रोमिक ॲसिड आलं तर ५२० किलो क्रोमियम आलं. त्यातलं मालावर किती चढलं, स्लजमधून किती गेलं? प्लेटिंगमध्ये बराच भाग मुलाम्याच्या वस्तूला, म्हणजे जॉबला, चिकटून धुण्याच्या पाण्यात जातो, त्यामुळे स्लजचा आकडा नगण्य असेल तर उरलेलं गेलं कुठे, हा प्रश्न कागदच विचारतो. वाळूजला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. हे युनिट त्याला जोडलेलं होतं का, की टँकरने पाणी जायचं, हेही पाहा. जुनी उपग्रह चित्रं वर्षावर्षाने मागे जाऊन बघा. शेडमागे एखादं डबकं दोन-तीन वर्षं दिसतं आणि मग मुरमाखाली गडप होतं, असे प्रकार त्यात स्पष्ट सापडतात.

मग माणसं. जुना वॉचमन, इलेक्ट्रिशियन, धुण्याच्या टाक्यांवरचा कामगार. वाळूजलगतच्या रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर या भागांत अशी मंडळी सहज भेटतात. ‘केमिकल बाहेर सोडत होता का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही साहेब’ हेच येणार. त्याऐवजी विचारा: मामा, जुलैत ईटीपी (सांडपाणी प्रक्रियेची यंत्रणा) भरली की काय करायचात? कुठली फरशी दरवर्षी नवी करावी लागायची? कुठल्या टाकीला खालून वेल्डिंग मारायचे? बंद बोअर होता का, आणि त्याच्या तोंडाला पाइप का लावला होता? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. कोरड्या किंवा बंद पडलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडणं हा आपल्याकडचा जुना आणि घाणेरडा उद्योग आहे. तसं काही निघालं तर पुढचं सगळं नियोजन बदलतं.

प्लॉटची पाहणी एप्रिल-मे महिन्यात करा. त्या दिवसांत जमिनीतला ओलावा वर ओढला जातो आणि क्रोमेटचे पिवळे क्षार जोत्यावर, भिंतीच्या पायथ्याशी, फरशीच्या सांध्यांत फुटून येतात. पहिल्या दोन मोठ्या पावसांत ते धुऊन जातात आणि ऑगस्टमध्ये तोच प्लॉट हिरवागार, निरागस दिसतो. विकणारे प्लॉट पावसाळ्यात दाखवतात तो योगायोग असेलच असं नाही.

आणि एक विनंती: भंगारवाल्याच्या आधी तपास करणाऱ्याला आत घ्या. भंगारवाला टाक्या कापतो, तळाचा गाळ तिथेच उलटतो, लोखंड आणि तांबं घेऊन जातो. वर्षानुवर्षं टाकीत राहिलेली घाण एका दुपारात जमिनीत जाते. झिंकचं काम सायनाइडवर चालत असेल तर त्यात जिवाला धोका आहे. सायनाइडच्या गाळावर ॲसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागेवर जातो. बंद टाकीत, खोल सम्पमध्ये, ईटीपीच्या हौदात गॅस मीटर आणि बाहेर दोर धरलेला माणूस यांशिवाय कोणालाही उतरवू नका.

आता जमिनीबद्दल सविस्तर, कारण बाहेरून येणाऱ्या सल्लागारांचं गणित नेमकं इथे चुकतं. त्यांच्या पुस्तकांत वाळू आणि गाळाची जमीन असते, पाणी एका दिशेने संथ वाहतं, प्रदूषणाचा पट्टा पिसासारखा पसरतो. मराठवाड्यात खाली दख्खनचा बेसाल्ट आहे, आणि त्यावर कुठे दोन फूट तर कुठे वीस फूट काळी.

काळी माती चिकण आहे, पाणी झिरपू देत नाही, म्हणून वरचं वरच राहील, असा समज आहे. पावसाळ्यात फुगलेली असताना तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण मार्चनंतर तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या काळात सांडलेलं पाणी भेगेतून थेट खालच्या मुरमावर जातं. भेगेच्या कडेने माती पिवळी आणि वीतभर बाजूला अगदी स्वच्छ, असं चित्र खड्ड्यात दिसतं. म्हणून वरच्या एका फुटातला चमचाभर नमुना घेऊन ‘माती चांगली आहे’ म्हणणारा अहवाल बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे सगळे धातू सारखे वागत नाहीत. जस्त, शिसं, निकेल काळीत अडकतात, कारण चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि हे धातू धन भाराचे. हेक्झा क्रोम मात्र क्रोमेट म्हणून, म्हणजे स्वतःच ऋण भार घेऊन फिरतो. त्याला काळी धरत नाही. आपल्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास, तोही त्याच्या सोयीचा. त्यामुळे एकाच टाकीखाली जस्त वरच्या फूटभरात सापडतं आणि क्रोमियम खाली मुरमात किंवा त्याच्याही खाली. फक्त जस्त-निकेल तपासून कुणी सांगितलं की प्रदूषण उथळ आहे, तर तो खरं बोलतोय, पण अर्धंच.

मुरमाखाली थरावर थर बसलेला खडक आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि झिजलेला असतो, विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण, त्यात पाणी फक्त सांध्यांतून आणि चिरांतून. दोन थरांमध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा लागतो. पाणी या थरांच्या जोडावरून आडवं सरकतं आणि चिरांमधून खाली उतरतं. त्यामुळे शेजारच्या दोन बोअरपैकी एक पिवळा आणि दुसरा स्वच्छ असू शकतो, आणि तिसरा, चार प्लॉट पलीकडचा, पुन्हा पिवळा. ‘शेजारच्याचं पाणी चांगलं आहे, मग आपलंही सुधारेल’ याला काही आधार नाही.

सगळ्यात वाईट वाट मात्र निसर्गाने केलेली नाही, आपण केली आहे. बोअरला केसिंग पाइप फक्त मुरूम संपेपर्यंत घालतात, त्याखाली दोन-चारशे फूट भोक उघडंच असतं. वरच्या थरातलं घाणेरडं पाणी त्या भोकातून सगळ्या खालच्या थरांना जोडलं जातं. उघडा बोअर म्हणजे प्रदूषणाला बांधून दिलेला जिना. प्लॉटवर असे किती आहेत, चालू आणि बुजवलेले, ते शोधणं हे माती तपासण्याइतकंच महत्त्वाचं आहे. दगड आणि माती टाकून बुजवलेला बोअर बंद झालेला नसतो. तो सिमेंट आणि बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीच्या मिश्रणाने तळापासून वरपर्यंत भरावा लागतो.

खोदकामाचं नियोजन मी असं करीन. एका एकरात पंधरा ते वीस जागा. त्यातल्या बहुतेक संशयावर: प्लेटिंगच्या टाक्या, पिकलिंगची म्हणजे ॲसिडने गंज काढायची जागा, धुण्याच्या टाक्या, गटाराचे सांधे, ईटीपी, स्लजचं अंगण, वाफा धुणारा स्क्रबर, केमिकलची खोली, डिझेलची टाकी. काही जागा उरलेल्या मोकळ्या भागात चौकटी आखून. काळीत चाचणीचे खड्डे जेसीबीने घ्या, पण खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, काळीची भिंत सांगून कोसळत नाही. नमुना बकेटच्या मधल्या भागातून घ्यायचा. प्रत्येक जागी किमान तीन वेगवेगळ्या खोलींवरचे नमुने: भराव किंवा वरची माती, काळी आणि मुरूम यांचा जोड, आणि मुरूम. एमआयडीसीतल्या कित्येक प्लॉटवर काळी केव्हाच काढून भट्टीतली धातुमळी (स्लॅग) किंवा बॉयलरची राख भरलेली असते, ती भलतीच गोष्ट आहे आणि तिचा वेगळा नमुना लागतो.

पाण्यासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी, एका रेषेत नाही तर त्रिकोणात, म्हणजे पातळीवरून उतार काढता येतो. त्यातल्या एका ठिकाणी उथळ आणि खोल अशी जोडी करा. प्रत्येक विहीर एकाच थरात उघडी हवी, वरचा भाग बेंटोनाइटने बंद. बोअरची गाडी हवेच्या दाबाने ड्रिल करते, त्याने चिरांतलं पाणी आणि वायू इकडेतिकडे ढकलले जातात. म्हणून ड्रिलिंगच्या दिवशी नमुना घेऊ नका. विहीर उपसून स्वच्छ करा, आठ-पंधरा दिवस जाऊ द्या. आणि दोन ऋतूंत घ्या: मे महिन्यात आणि ऑक्टोबरात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या पावसाळ्याआधी आणि नंतर अशाच मोजते, तिच्या आकड्यांशी तुमचे ताडून बघता येतात. आपल्याकडे उथळ थर उन्हाळ्यात पार आटतो. मे महिन्यात ‘विहीर कोरडी, नमुना नाही’ असं लिहून आलेला अहवाल ऑक्टोबरात मुरमातून धुऊन येणाऱ्या क्रोमियमबद्दल काहीच सांगत नाही.

कंत्राटदार प्लेटिंग म्हटलं की धातूच तपासतो. तेवढ्यावर थांबू नका. जॉबवरचं तेल काढायला टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन) हा द्रावक वापरत असतील तर तो पाण्याहून जवळजवळ दीडपट जड आहे. तो पाण्याच्या पातळीवर तरंगत थांबत नाही, चिरांतून बुडत जातो आणि तळाशी बसून वर्षानुवर्षं विरघळत राहतो. क्रोमच्या टाकीवरचे फवारे दाबायला वापरलेली जुनी रसायनं पीएफओएस या सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या गटातली असू शकतात. ती तपासणाऱ्या प्रयोगशाळा कमी आहेत, खर्चही जास्त आहे. पण डाळमिल टाकायची तर एक-दोन पाण्याच्या नमुन्यांवर तो खर्च करा.

प्रयोगशाळेबाबत. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता आहे हे बघाच, पण ती नेमकी याच तपासणीला आहे का हे बघा. हेक्झा क्रोमच्या पाण्याच्या नमुन्यात ॲसिड घालायचं नसतं. बाकीच्या धातूंसाठी मात्र नायट्रिक ॲसिड घालावं लागतं, म्हणून बाटल्या वेगळ्या. एकाच बाटलीत दोन्ही मागवणाऱ्याला घरी पाठवा. हेक्झा क्रोमचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांत तपासला गेला पाहिजे. मातीत हेक्झा क्रोम काढायला अल्कली वापरून पाचन करावं लागतं, ॲसिडने केलं तर त्याचं रूपच बदलतं. मागणीपत्रावर हे स्पष्ट लिहा, नाहीतर ‘एकूण क्रोमियम’चा आकडा हातात पडतो.

आणि तो आकडा आपल्या भागात फसवतो. बेसाल्टपासून झालेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं, व्हॅनेडियम मुळातच जास्त असतं. परदेशी तक्त्यांतल्या मर्यादा लावल्या तर ज्या शेतात कधी कारखान्याची सावलीही पडली नाही ते शेतही ‘प्रदूषित’ निघू शकतं. याचा फायदा दोन्हीकडून घेतला जातो. विकणारा म्हणतो, हे सगळं नैसर्गिक आहे. साफसफाईचं कंत्राट घेणारा म्हणतो, सगळा एकर उकरायला लागेल. उत्तर एकच: उताराच्या वरच्या बाजूला, कारखान्यांपासून दूर, त्याच प्रकारच्या काळीचे आणि मुरमाचे पाच-सहा नमुने घ्या आणि तुलना त्यांच्याशी करा. नैसर्गिक क्रोमियम जवळपास सगळं त्रिसंयुजी, म्हणजे त्याच्या कमी विषारी रूपात असतं. हेक्झा लक्षणीय प्रमाणात सापडलं की निसर्गाला मध्ये आणायची गरज नाही.

किती स्वच्छ करायचं हे पुढच्या वापरावर ठरतं. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचं उदाहरण बोलकं आहे. तो २००१ मध्ये बंद झाला, आणि मातीत पारा किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत आणायचा की त्याहून खूप कमी, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. तुमच्या प्लॉटवरही हा आकडा काम सुरू होण्याआधी, मंडळाच्या लेखी संमतीने ठरला पाहिजे. गोदामासाठी पुरेसा असलेला आकडा डाळमिलला चालणार नाही, तेव्हा डाळमिलचा बेत खरा असेल तर आत्ताच सांगा.

साफसफाईकडे येऊ. आधी मूळ: टाक्यांतला गाळ, सम्प, गटारं, क्रोमियम पिऊन पिवळी झालेली काँक्रीटची फरशी. ईटीपीचा स्लज, ज्याला नियमांच्या यादीतल्या क्रमांकावरून सगळे ‘पस्तीस-तीन’ म्हणतात, आणि बाकी घातक कचरा अधिकृत केंद्रावर मॅनिफेस्टसह जातो. तुमच्यासाठी सोयीचं केंद्र बहुधा पुणे जिल्ह्यातलं, शिरूरच्या पुढचं रांजणगाव. वाळूजचं रांजणगाव आणि हे रांजणगाव यांत कागदोपत्री घोळ होऊ शकतो, तेव्हा गाडीच्या कागदांवर पूर्ण पत्ता बघून सही करा.

मग माती. समजा टाक्यांखालचा २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि २ मीटर खोल भाग खराब निघाला. ते झाले ६०० घनमीटर, म्हणजे साधारण हजार टन, वीस टनी पन्नास गाड्या. तपासाचा सगळा खर्च या पन्नास गाड्यांच्या वाहतूक आणि विल्हेवाटीपुढे किरकोळ वाटतो. सीमा नीट आखली आणि त्यातल्या पंधरा गाड्या वाचल्या तर तपास फुकटात पडला.

सगळी माती न्यायलाच हवी असं नाही. हेक्झा क्रोमचं त्रिसंयुजीत रूपांतर केलं की तो मातीत घट्ट बसतो आणि बराच कमी विषारी होतो. त्यासाठी जुनं, स्वस्त रसायन म्हणजे हिराकस, फेरस सल्फेट. कागदावर १ किलो हेक्झा क्रोमला सुमारे १६ किलो हिराकस लागतो. वरच्या हजार टनात सरासरी किलोमागे २०० मिलिग्रॅम धरलं तर हेक्झा क्रोम झाला २०० किलो आणि हिराकस ३ टनांहून थोडा जास्त. प्रत्यक्षात दुपटी-तिपटीची तयारी ठेवा, कारण हवा आणि माती त्यातला बराच खातात. खरी अडचण मिसळण्याची आहे. ओली काळी गोळे धरते आणि गोळ्याच्या आत रसायन जात नाही. माती वाळवून, ताडपत्रीखाली अस्तर टाकलेल्या जागी पसरून, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने भुगा करून मग रसायन द्यायचं. धूळ उडू न देता, कामगारांना नुसता रुमाल नाही तर खरे गाळणीचे मास्क देऊन. नंतर सामू बघून गरजेप्रमाणे चुना किंवा सिमेंट, आणि मुरवण झाल्यावर पुन्हा तपासणी: एकदा लगेच, एकदा काही महिन्यांनी. आपल्या काळीत मँगनीजचे बारीक खडे असतात, ते त्रिसंयुजी क्रोमियमला काही प्रमाणात परत हेक्झामध्ये आणू शकतात. दुसरी तपासणी टाळणाऱ्याला शेवटचा हप्ता देऊ नका.

हे सगळं जानेवारी ते मे या काळात बसवा. मृगाचा पाऊस उघड्या खड्ड्यात शिरला की तुम्ही स्वतःच क्रोमियम खडकात ढकलता.

खडकातलं पाणी हा लांबचा मामला आहे. पिवळा बोअर उपसून, पाण्यावर हिराकस किंवा मेटाबायसल्फाइटची प्रक्रिया करून सोडणं सुरू केलं की पहिले काही महिने आकडे झपाट्याने उतरतात. मग अडकतात. पंप बंद केला की पुन्हा चढतात, कारण खडकाच्या छिद्रांत मुरलेलं क्रोमियम हळूहळू बाहेर येत राहतं. पहिल्या तिमाहीचा आलेख दाखवून ‘काम फत्ते’ म्हणणारे भेटतील. दुसरा मार्ग जमिनीतच रूपांतर करण्याचा. त्यासाठी जगभर साखर कारखान्याची मळी, म्हणजे मोलॅसिस, पातळ करून सोडतात. ती खाऊन जिवाणू प्राणवायू संपवतात आणि क्रोमियम त्रिसंयुजी होतं. मराठवाड्यात मळीची वाण नाही, म्हणून हा उपाय ऐकायला छान वाटतो. पण चिरांच्या खडकात ती नेमकी कुठे जाईल हे आधी मिठाचं किंवा ब्रोमाइडचं पाणी सोडून माग काढल्याशिवाय कळत नाही. शिवाय प्राणवायू संपला की पाण्यात लोह आणि मँगनीज विरघळतं, वास येतो. उताराला पिण्याची विहीर जवळ असेल तर मी हे करणार नाही. आणि मंडळाच्या परवानगीशिवाय जमिनीत काहीही सोडायचं नाही, हेतू कितीही चांगला असो.

गोदामाचा एक फायदा आहे. काँक्रीटची पक्की फरशी आणि नीट गटारं पावसाचं पाणी खाली जाऊ देत नाहीत, म्हणजे ती उरलेल्या मातीवरचं झाकण होतात. पण बांधकाम परवानगीच्या वेळी पाऊसपाणी पुनर्भरणाचा खड्डा नकाशात आपोआप येतो. या प्लॉटवर तो नको. छताचं सगळं पाणी खराब मुरमातून खाली पाठवायची ती सोय होईल. पाणी टाकीत साठवा किंवा प्लॉटबाहेर काढा, आणि का ते अर्जात लिहा.

कायद्याचं थोडक्यात. राजस्थानातल्या बिछडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की ज्याने प्रदूषण केलं त्यानेच नुकसान आणि साफसफाईचा खर्च भरायचा. २०१६ च्या घातक कचरा नियमांत ताबेदाराची जबाबदारी आहे. आणि २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्राने स्वतंत्र नियम काढले, ज्यांत संशयित जागा कळवणं, मंडळाने तपासणं, जबाबदार कोण ते ठरवणं आणि खर्च त्याच्यावर टाकणं याची वाट आखलेली आहे. ‘मी तर नंतर घेतला’ हा बचाव मांडायचा तर तुमच्याकडे खरेदीआधीचे तपासणी अहवाल हवेत. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा पीथमपूरला हलवायला २०२५ उजाडलं, तेव्हा सरकार येऊन साफ करील या भरवशावर व्यवहार करू नका.

व्यवहार असा करा. एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्याची असते आणि हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते, तेव्हा वेळ मिळतोच. इसाराच्या करारात तपासणीसाठी मे आणि ऑक्टोबर हे दोन्ही महिने पकडून मुदत घ्या. बोअरचा आणि मातीचा निकाल खराब आला तर इसार परत, हे लिहून घ्या. साफसफाईचा अंदाज किमतीतून वजा करा आणि त्यातला एक भाग दोन वर्षांच्या पाणी तपासण्या होईपर्यंत रोखून ठेवा. निरीक्षण विहिरींपर्यंत जायची वाट गोदामाच्या नकाशात आधीच सोडा, नाहीतर त्यांवर फरशी पडते. वकिलाला ही कलमं नवी वाटतील. मसुदा तुम्ही द्या.

दोन परिस्थितींत मी हा प्लॉट सोडून देईन. जुन्या बोअरमध्ये सांडपाणी सोडल्याचं निघालं तर, कारण त्याची सीमा कुणालाच आखता येणार नाही. आणि विकणारा तपासणीआधीच जेसीबी लावून ‘साफ करून देतो’ म्हणाला तर. बाकी परिस्थितींत, किंमत योग्य उतरली आणि डाळमिलचा बेत निकालांवर सोडायची तयारी असली, तर गोदामापुरता हा प्लॉट वापरात आणता येतो.